घुमटाखालचं गाऱ्हाणं

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं आणि मी मान हलवली होती. म्हणून या गोष्टीत 'मी' येणार नाही. विशाखा येईल. विशाखानं कुणाला शब्द दिलेला नाही.

विशाखा दहावीत. चारचौघांत तिच्या तोंडून आवाज फुटत नाही, वर्गात हजेरी देतानासुद्धा बाई दोनदा विचारतात. पण हातात पेन्सिल दिली की ती कुणाला हार जात नाही. तिचे वडील गणपत मालवणाकडचे गवंडी. सिमेंट कुणीही थापतं. चुन्याचं काम जाणणारी माणसं आता शोधावी लागतात, आणि गणपतच्या घरात ते तीन पिढ्यांचं. म्हणून तर एका कंपनीनं त्यांना जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी बहारीनला आणलं आणि मुकादम केलं. अरादला दोन खोल्यांची जागा, विशाखाला शाळा आणि तिची आई लक्ष्मी हिला रिफाला हेमाताईंकडे स्वयंपाकाचं काम, असं सगळं त्यातून उभं राहिलं होतं. दोन वर्षांचा व्हिसा या उन्हाळ्यात संपत होता. हातातलं काम नीट पार पडलं तर तो पुढे वाढणार होता.

हातातलं काम म्हणजे हमाम, जुन्या काळचं सार्वजनिक न्हाणीघर. मुहर्रकच्या गल्ल्यांत, दोन वखारींच्या मध्ये दबून गेलेला. शंभर वर्षांपूर्वी मोत्यांच्या कुणा व्यापाऱ्यानं तुर्कस्तानातून कारागीर आणून तो बांधून घेतला, असं सांगतात. पुढे मोती बुडाले, तेल निघालं, घराघरांत नळ आले आणि हमामाला कुलूप लागलं. मध्ये काही वर्षं तिथे मासेमारीची जाळी ठेवत. भट्टी विझून साठ-सत्तर वर्षं झाली होती.

शनिवारी शाळा नसते. इथल्या कामगारांचा आठवडा मात्र शनिवारीच सुरू होतो. रिकाम्या घरात मुलगी एकटी नको, म्हणून गणपत तिला संदेशच्या पिकअपमधून बरोबर नेत. संदेश त्यांच्याच गावचा, गाडीही चालवायचा आणि हाताखालीही काम करायचा. त्यानं तिचं नाव 'इंजिनीयरबाय' ठेवलं होतं. साइटचा खरा इंजिनीयर नजीब, इथलाच, मजुरांमध्ये राहून हिंदी शिकलेला. त्यानं पहिल्याच दिवशी तिची वही चाळली आणि पुढच्या शनिवारी तिला मोजपट्टी आणून दिली. हमाम उघडेल तेव्हा भिंतीवर तिची चित्रं लावू, म्हणाला. इंशाल्ला, असंही म्हणाला; पण चित्रं त्यानं खरोखरच फाइलला लावली.

२

विशाखाला तो हमाम पहिल्या दिवशीच समजला. तिच्या वहीत तो आठ पानांत आहे.

दारातून सरळ आत जाता येत नाही. बोळ दोनदा वळतो, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला आतलं दिसू नये. मग कपडे बदलायची थंड खोली, तिला लाकडी कट्टे. पुढे कोमट खोली, तिथे अंग उष्णतेला सरावायचं. शेवटी ऊन खोली. वर घुमट, घुमटाला मुठीएवढी गोल भोकं आणि प्रत्येकात जाड काच. सूर्य वर आला की जमिनीवर उजेडाचे गोल पडतात आणि दिवसभर सरकत राहतात. मधोमध संगमरवराचा आठकोनी चौथरा. जमीन पोकळ, बुटक्या खांबांवर तोललेली, कारण भट्टीचा जाळ खालून फिरायचा आणि धूर भिंतींच्या आतल्या नळ्यांतून वर जायचा. भिंतीलगत दगडी कुंड्या. कुंड्यांना तळाला भोकच नाही. नजीब म्हणाला, पाणी साठवायचं नाही, भरून वाहू द्यायचं, अशी पद्धत.

कोकणातला माणूस जुन्या वास्तूला हात लावण्याआधी गाऱ्हाणं घालतो. जागेचा जो कुणी राखणदार असेल त्याला हात जोडून आपलं मागणं सांगायचं. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. देवळात घालतात, शेतात घालतात, विहीर उपसतानाही घालतात. देश परका आहे म्हणून गणपतनी ते टाळलं नाही. ऊन खोलीत चौथऱ्यापाशी त्यांनी साखर ठेवली, विशाखाला शेजारी उभं केलं आणि डोळे मिटले.

"बा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा."

"व्हय म्हाराजा," संदेश म्हणाला.

"तुझ्या घुमटाक हात लावतव. राग धरू नको."

"व्हय म्हाराजा."

"ह्या माझ्या चेडवाक तुझ्या पदरात घातलंय. तिका तुझी समजान सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

लेकीला तुझी समजून सांभाळ, हे शेवटचं वाक्य गणपत दर वर्षी गावच्या देवळातही म्हणत. आपली पोरं सगळेच देवाच्या पदरात घालतात.

विशाखा गाऱ्हाण्याच्या वेळी डोळे मिटत नाही. ती उजेडाचे गोल मोजत होती. मोजता मोजता तिला एक गोष्ट जाणवली. संदेशच्या 'व्हय म्हाराजा'ला मागून घुमारा येत होता. बाबांच्या वाक्यांना येत नव्हता.

पिकअपमध्ये बसल्यावर तिनं ते वहीत लिहिलं आणि खाली कारणही लिहिलं. संदेशचा आवाज जाड आहे, घुमट ठरावीक जाडीचाच आवाज परत देत असेल. भौतिकशास्त्रात तिला पंचाण्णव होते. कारण पटण्यासारखं होतं.

३

दुसऱ्या शनिवारी तिनं कोपऱ्यातली कुंडी काढायला घेतली. काठावर वेलीचं कोरीवकाम होतं आणि एका जागी दगड खोलगट झिजलेला. त्या जागी पाणी ओतणाऱ्याचा हात टेकत असणार, हे तिनं ओळखलं. इतकी वर्षं, इतक्या वेळा. वर फळ्यांच्या पाडावर गणपत घुमटाचा जुना गिलावा खरवडत होते आणि भुकटी सगळीकडे पडत होती. तिच्या केसांवर, वहीवर, चपलांवर. चार तास ती तशीच बसून होती, डावा हात कुंडीच्या काठावर टेकवून.

घरी आल्यावर दिव्याखाली तिला तिचा डावा हात दिसला. कोपरापर्यंत स्वच्छ. नुसता स्वच्छ नाही, घासलेला. गुलाबी, ऊन, किंचित चुरचुरणारा. कोपराच्या वर चुन्याचा पांढरा थर जसाच्या तसा होता आणि मधली रेघ कुणी पट्टीनं आखावी तशी सरळ.

चुना कातडी खातो, हे गवंड्याच्या मुलीला सांगावं लागत नाही. गणपतचे तळवे त्यामुळेच भेगाळलेले. तिनं खोबरेल लावलं आणि झोपली. हात मात्र भेगाळला नाही. सकाळी तो तान्ह्या बाळाच्या हातासारखा मऊ होता.

तिसऱ्या शनिवारी दोन्ही टाचा तशाच. तिनं दिवसभर पायातले बूट काढले नव्हते.

ती घाबरली असं म्हणता येणार नाही. तिनं बुटांचे तळवे उलटून पाहिले, मोजे पाहिले, आठवड्याभरात पायाला काय काय लावलं त्याची आठवण केली. कारण सापडलं नाही, तेव्हा 'कारण शोधायचं आहे' असं वहीत लिहून ठेवलं.

४

त्याच्या पुढच्या शनिवारी संदेशला ताप होता. तो सित्राला आपल्या खोलीवर झोपून राहिला. गणपतनी स्वतः पिकअप चालवली. इतर मजूर अजून यायचे होते. गाऱ्हाण्याला साथ नसली तर बोलणाराच 'व्हय म्हाराजा'ही म्हणून घेतो, त्यात काही अडत नाही. दर शनिवारी ठेवत तशी गणपतनी चौथऱ्यापाशी साखर ठेवली.

"बा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा."

त्यांनी श्वास घेतला. तो सोडायच्या आत उत्तर आलं.

'व्हय म्हाराजा.'

मोठ्यानं नव्हतं. समजूतदार माणूस कामात असतानाच हुंकार देतो तसं. घुमटातून आलं नाही, खालूनही नाही. आवाज खोलीच्या उंचीचा होता, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीचा.

गणपतनी डोळे उघडले. विशाखाकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. पुढची वाक्यं त्यांनी म्हटली नाहीत. साखरेची पुडी तिथेच टाकून त्यांनी तिचा हात धरला आणि दोघं दोन्ही वळणं पार करून गल्लीत उन्हात येऊन उभी राहिली. त्यांनी संदेशला फोन लावला. तो झोपेतून उठून बोलला, मागे पंख्याचा खडखडाट होता.

गणपतनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, घुमट हा असाच असतो, शब्द राखून ठेवतो आणि मागाहून देतो. विशाखानं मान हलवली, पण घुमट आठवडाभर शब्द राखून ठेवत नाही हे तिला माहीत होतं आणि बाबांनाही. मग त्यांनी बजावलं की हे कुणाला सांगायचं नाही. महिनाअखेर तपासणी होती. मजुरांच्या कानावर गेलं तर एकही माणूस आत पाऊल टाकणार नाही, काम अर्धवट राहील आणि व्हिसा जाईल.

"तुझी दहावी आसा," ते म्हणाले. "हयच पुरी होऊक व्हयी."

त्या दिवशी त्यांनी तिला आत येऊ दिलं नाही. ती पिकअपमध्ये काच खाली करून बसली आणि आठवणीतून कुंडी काढत राहिली. दुपारी घरी आल्यावर तिची मान घासलेली होती.

५

सोमवारी तिच्या मोबाइलनं तिचा अंगठा ओळखला नाही. तिनं अंगठा पुसला, पुन्हा टेकवला. मग दुसरा. मग तर्जनी. शेवटी आकडे टाकून तिनं फोन उघडला आणि खिडकीच्या उजेडात बोटं धरली.

बोटांवरच्या रेघा पुसट झाल्या होत्या. उजव्या अंगठ्यावर एकही नव्हती.

ती आत्तापर्यंत विचारपूर्वक वागली होती, पुढेही तिला तसंच वागायचं होतं. इंटरनेटवर पाहिलं तर गवंडी, धोबी, विणकर अशा पुष्कळांच्या रेघा झिजतात असं मिळालं. नव्या कातडीबरोबर त्या परत येतात, असंही मिळालं. तिनं ते दोनदा वाचलं.

आईला ते बोटांवरून कळलं नाही. लक्ष्मीनं तिला ताट दिलं आणि उजवं मनगट धरलं ते सोडलंच नाही. विशाखा तीन वर्षांची असताना चहाचं आधण सांडून तिथे भाजलं होतं. आईच्या हातूनच. रुपयाएवढा चट्टा होता, आणि लक्ष्मी गेली बारा वर्षं ताट देताना त्याच्यावरून नकळत अंगठा फिरवत आली होती.

"डाग खंय गेलो?" लक्ष्मी म्हणाली.

विशाखानं सांगायला सुरुवात केली की नवी कातडी आली की असं होतं. लक्ष्मी तिच्याकडे पाहत नव्हती. ती गणपतकडे पाहत होती. मग सगळंच बाहेर आलं, हुंकाराचं, हाताचं, टाचांचं, मानेचं. लक्ष्मीनं मुलीला दिव्याखाली उभं केलं आणि लहानपणच्या एकेक खुणा शोधल्या. गुडघ्यावरचा टाका नव्हता. हनुवटीखालचा तीळ नव्हता. लस टोचल्याची खूण नव्हती. कुणी तरी फार मायेनं, अजिबात घाई न करता, तिला धूत होतं.

गणपत जेवणावरून उठले नाहीत आणि जेवलेही नाहीत. ताट बाजूला सारून म्हणाले, "तेची चूक नाय. मीच घातलंय तेच्या पदरात. तुझी समजान सांभाळ म्हटलंय. तो सांभाळता."

लक्ष्मी म्हणाली की मग जाऊन परत मागा. व्हिसा गेला तर गेला, गावी चुली आहेत. पण लेक तिला होती तशी हवी होती, भाजलेल्या डागासकट.

६

मागून घ्यायचं तर विशाखाला तिथे उभं राहावंच लागणार होतं. जे समोर उभं करून दिलं ते समोर उभं करूनच परत घ्यायचं, असा रिवाज आहे. लक्ष्मीला तो पटला नाही, पण दुसरा रिवाज तिला ठाऊक नव्हता.

शनिवारी सकाळी दहा वाजता ते आत गेले. गणपत, विशाखा आणि संदेश. संदेशला सगळं सांगितलं होतं. तो नेहमीसारखं इंजिनीयरबाय म्हणाला, पण पुढे थट्टा काही सुचली नाही त्याला. बाहेर नजीब फोनवर कुणाला तरी खलास, खलास म्हणत होता. दुसऱ्या वळणानंतर त्याचा आवाज बंद झाला.

ऊन खोलीत नवा गिलावा चढला होता. ओल टिकावी म्हणून त्यावर टांगलेली गोणपाटं मात्र कोरडी ठक्क होती. गणपतनी भिंतीला तळवा लावला, लगेच काढून घेतला. भट्टी तर विझलेलीच होती. त्यांनी चौथऱ्यावर नारळ ठेवला, हात जोडले. संदेशनं जोडले. दोघांचे डोळे मिटले. विशाखानं मिटले नाहीत.

"बा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा."

"व्हय म्हाराजा." एकट्या संदेशचा आवाज. घुमारा नाही.

"माझ्या चेडवाक तू सांभाळलंस. तुझे उपकार आसत."

"व्हय म्हाराजा."

"परको माणूस काय मागता नि काय देता, ता तुका कळूक नाय. चूक माझी. ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

उजेडाचे गोल जमिनीवर बावीस असायचे. विशाखानं दर शनिवारी मोजले होते. आज जमिनीवर एकवीस होते. बाविसावा कोपऱ्यातल्या कुंडीपाशी पडायचा. तो पडला होता, पण दगडावर नाही. एका हातावर पडला होता.

हात कुंडीच्या काठावर, त्या झिजलेल्या खोलगट जागी टेकलेला. मनगटाच्या पुढे अंधार होता, तिथे काय होतं ते दिसत नव्हतं. बोटांत एक खरखरीत पिशवी, अंग घासताना घालतात तशी, आणि ती ओली होती. हातानं ती सावकाश पिळली. पाणी कुंडीत पडलं आणि त्याचा आवाज झाला नाही. त्या हाताला नखं नव्हती. पेरांच्या रेघा नव्हत्या. वापरून वापरून वडी उरते ना साबणाची, तसा तो होता. कुणाचाही हात असू शकला असता. कधी तरी तो कुणाचा तरी असणारच.

"चेडू माझा आसा," गणपत म्हणाले. "ता माका परत दी."

संदेशला 'व्हय म्हाराजा' म्हणता आलं नाही. गणपत थांबले. तेवढ्यात उजेडाचा गोल बोटभर सरकला, आणि कुंडीच्या काठावर फक्त दगड होता.

उत्तर आलं नाही. गणपतनी नारळ फोडला. पाणी नीट निघालं, खोबरं पांढरंशुभ्र. संदेशनं डोळे पुसले. बाहेर येताना गणपत तिला म्हणाले की त्यानं ऐकलं, सोडलं, आता मागे बघू नको. तिनं बघितलं नाही.

७

त्याला आज बरोबर आठवडा झाला. गणपतनी नजीबला स्पष्ट सांगितलं की राहिलेला गिलावा दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. नजीबनं एकदा विचारलं, मग विचारलं नाही. त्यानं त्यांना अदलियातल्या एका जुन्या घराच्या कामावर पाठवलं आणि व्हिसाचं मी बघतो म्हणाला. माणूस चांगला आहे.

आठवड्यात काही घासलं गेलं नाही. विशाखा रोज सकाळी खिडकीत बोटं तपासते. काल डाव्या करंगळीवर एक रेघ दिसल्यासारखी वाटली. ती नक्की परत येणार. बाकीच्याही येतील. तिला आता कुठल्याच जुन्या वास्तूत न्यायचं नाही, त्यापेक्षा घरी एकटी बरी असं ठरलं, म्हणून आज शनिवार असूनही ती घरी आहे. बाबा कामावर, आई रिफाला, सहाशिवाय यायची नाही. आता चार वाजताहेत. तिनं दाराला आतून कडी लावली आणि गोष्ट लिहायला बसली, कारण लिहून झाली की संपते.

आत्ता आतून हाक आली. "विशाखा, पाणी काढलंय गो. ये."

आई आज लवकर आली म्हणायची. हेमाताई कधी कधी सोडतात. कडी लावली होती असं वाटतं, पण लावायची राहिलीही असेल. लिहिण्याच्या नादात दार वाजल्याचं ऐकू आलं नसेल. बादली भरल्याचा आवाज येतो आहे. या दिवसांत टाकीचं पाणी दुपारी कढत असतं, आई त्यात गार घालून ठेवते.

आले, असं विशाखानं सांगितलं. एकच गोष्ट लिहायची राहिली आहे, तेवढी लिहून ती उठेल. ती तिनं बाबांनाही सांगितलेली नाही. बाबा म्हणतात की त्या दिवशी उत्तर आलं नाही. आलं होतं. फक्त तिच्या कानाशी, अगदी हळू, आणि तो आवाज घुमटातला नव्हता, तो हुबेहूब

हो, आले, आई, हे एवढं वाक्य